'बूटलेगर' आणि ती लाकडी खुरं

हा फोटो तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. बुटाच्या तळाला बांधलेले, गायीच्या खुराच्या आकाराचे लाकडी ठोकळे. खाली मजकूर: १९२० साली अमेरिकेत दारूबंदी झाली, पावलांचे ठसे लपवायला दारू गाळणारे असे बूट घालू लागले, म्हणून त्यांना 'बूटलेगर' म्हणतात.

फोटो खरा आहे, त्याच दशकातला आहे. गाडी घसरते ती 'म्हणून'वर.

आधी सालाचं बघू. देशभर दारूबंदी लागू झाली १७ जानेवारी १९२० ला, पण 'बूटलेगर' १८८० च्या दशकातच छापून येऊ लागला होता. बंदी तेव्हाही होती, फक्त तुकड्यातुकड्यांत. मेन राज्यात १८५१ मध्ये झाली, कॅन्सासमध्ये १८८१ मध्ये. मूलनिवासींच्या प्रदेशात दारू न्यायला तर १८३४ च्या कायद्यानेच मनाई होती. चोरून विकणारा १९२० ची वाट बघत थोडाच बसणार!

आता बूट. यातला 'लेग' बुटाचाच, म्हणजे घोट्यापासून पोटरीपर्यंत चढणारी चामड्याची नळी. तिला 'बूटलेग' म्हणायची पद्धत सतराव्या शतकापासूनची. आपला गमबूट डोळ्यांपुढे आणा. पोटरी आणि बूट यांच्यात बोटभर फट राहतेच. पूर्वी तिथे सुरा किंवा पिस्तूल खोचत. पुढे चपटी बाटली सरकवून वरून पँट सोडू लागले. खुरं तळाला, बाटली पोटरीला. शब्द आला तो बाटलीच्या जागेवरून.

शिवाय ती खुरं मुळात बूटलेगरची नाहीतच. रानात चोरून दारू गाळणारा तो 'मूनशायनर', आणि फोटोतलं सोंग त्याचं. बूटलेगर म्हणजे माल पोचवणारा, विकणारा.

हा घोळ मात्र फॉरवर्डवाल्यांच्याच माथी मारता येत नाही. आपल्या महाराष्ट्राच्या १९८१ च्या 'एमपीडीए' या गुन्हेगारांना स्थानबद्ध करण्याच्या कायद्याच्या इंग्रजी नावात 'बूटलेगर्स' आहेत, मराठी नावात त्याच जागी 'हातभट्टीवाले'. भाषांतर चुकलं म्हणावं, तर कायद्याच्या व्याख्येत गाळणारा, साठवणारा, नेणारा, विकणारा असे सगळेच येतात. मराठीत 'बूटलेगर' फारसा रुळला नाही. गुजरातीत तो रोजचा आहे. नवापूर ओलांडून पलीकडचा पेपर उघडलात की भेटेलच, पायात स्लिपर असली तरी.