पोटाला काय देत हुते?

आज सकाळी शाळेच्या ग्रुपवर पुन्हा तो व्हिडिओ आला. पिरॅमिडवर हिरवा उजेड, मागे ढॅण ढॅण म्युझिक आणि खाली 'हे माणसाचं काम असूच शकत नाही!' पाठवणारा आमच्याच वर्गातला, आता सिव्हिल इंजिनिअर. त्यावर अठरा अंगठे. मी चार ओळी टाइप केल्या, पुसल्या आणि इथे आले. पोस्ट मोठी होणार आहे, आधीच सांगते.

माझा आज्जा पाथरवट होता.

गावच्या देवळाचा उंबरा त्यानं घडवला. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. पुरुषभर लांबीचा काळा पाषाण, बैलगाडीतून देवळाच्या चढापर्यंत आलेला. पुढे गाडी जाईना. मग सहा माणसं, दोन पहारी, दोर आणि खाली बाभळीच्या फळ्या. मला कळशी देऊन पुढे उभं केलं होतं. मी फळीवर पाणी मारायचं, मग सगळ्यांनी एकदम ओढायचं. "पानी मार गं, पानी!" दुपारच्या भाकरीपर्यंत दगड जेमतेम वीस हात सरकला. माझा फ्रॉक चिखलानं भरला म्हणून आईनं बडवलं ते वेगळंच.

इजिप्तमध्ये देर अल-बर्शाला जेहुतीहोतेप नावाच्या एका सुभेदाराचं थडगं आहे, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचं. त्यातल्या चित्रात एक अवाढव्य पुतळा लाकडी घसरगाडीवर बांधलाय, १७२ माणसं चार रांगांत दोर ओढतायत आणि पुतळ्याच्या पायाशी उभा राहून एक जण पुढच्या वाळूवर पाणी ओततोय. ते चित्र पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी मोठ्यानं म्हणाले, अगं बाई, ही तर मी! २०१४ मध्ये नेदरलँड्सच्या शास्त्रज्ञांनी प्रयोग करून सांगितलं की वाळू बेताची ओली असली की ओढायला निम्माच जोर लागतो. आज्जाला विचारलं असतं तर त्यानं बिडी न विझवता सांगितलं असतं.

आणि परग्रहवासी एवढे हुशार, तर दहशूरला चुकले कसे? गिझाचा सर्वांत मोठा पिरॅमिड ज्याचा, त्या खुफू राजाचा बाप स्नेफ्रू. त्याचा तिथला पिरॅमिड निम्म्यात आल्यावर पेलवेना, म्हणून वरचा उतार कमी करावा लागला. आजही तो पोक आल्यासारखा उभा आहे. मग शहाणे होऊन त्यांनी शेजारी दुसरा बांधला, सरळ. त्याच्याही आधी सक्काऱ्याला जोसेर राजासाठी त्याच्या इम्होतेप नावाच्या कारभाऱ्यानं पायऱ्यापायऱ्यांचा केला होता. म्हणजे शिकत, चुकत, नुकसान सोसत ही माणसं गिझाला पोचली. आपल्या वेरुळच्या कैलासालाही हेच लोक उडत्या तबकड्या लावतात. युरोपातल्या कॅथेड्रलना का नाही लावत? तिथे म्हणे 'कारागिरी' असते.

हो, एवढ्या उंचीवर दगड नेमके कसे चढवले यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. मान्य. दगड ओढायला चढाचे रस्ते होते, ते कसे वळवले यावर वाद आहे. म्हणून काय लगेच आकाशातून माणसं आणायची?

ग्रुपवर दुसऱ्यानं लिहिलं, "गुलाम होते रे, चाबकानं मारून करून घेतलं." हाही शहाणाच.

सहावीत असताना आज्जाला मी इतिहासाच्या पुस्तकातलं पिरॅमिडचं चित्र दाखवलं होतं. मला वाटलं विचारेल, राजा कोण, किती उंच. त्यानं पुस्तक डोळ्यांजवळ धरलं, चित्रावरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि दोनच गोष्टी विचारल्या. "सांदा कसा घेतलाय गं?" आणि "पोटाला काय देत हुते?" पुस्तकात दोन्ही नव्हतं. मला जरा लाजच वाटली त्याची, खरं सांगते. अडाणी वाटला.

त्याच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जमिनीखाली होतं. १९९० साली गिझाला एका घोड्याचा पाय विटांच्या जुन्या भिंतीला अडखळला आणि कामगारांची दफनभूमी सापडली. राजाच्या पिरॅमिडच्या हाकेच्या अंतरावर, मातीच्या विटांची थडगी. ममी नाही, सोनं नाही, पण भाकरीची आणि बिअरची भांडी सोबत ठेवलेली. पुढच्या प्रवासाची शिदोरी. हाडं मोडलेली, आणि नीट बसवून जुळवलेली. कुणीतरी औषधपाणी केलं होतं. त्यांच्या वस्तीत गुराढोरांची, शेळ्यामेंढ्यांची हाडं ढिगानं सापडली. मटण खात होते, आज्जा!

आणि २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी, वादी अल-जर्फला, चक्क एका मुकादमाची रोजनिशी मिळाली. मेरेर त्याचं नाव. हाताखाली चाळीसेक माणसं. तुराच्या खाणीतून पांढरा चुनखडीचा दगड नावेत भरायचा, नाईलवरून गिझाला न्यायचा, परत यायचं. आज इथे मुक्काम, उद्या तिथे. साडेचार हजार वर्षांपूर्वीचं हजेरीपुस्तकच म्हणा ना. लिहिलेले पपायरसचे कागद जेवढे सापडलेत त्यांत हे सर्वांत जुने. खुफूच्या पिरॅमिडच्या पोटात, राजाच्या दालनावर, जिथे पुन्हा कुणी जाणारच नव्हतं, तिथे टोळ्यांनी लाल रंगात आपली नावं लिहून ठेवलीयत. पुढे मेनकौरे राजाच्या पिरॅमिडच्या कामावर तर एका टोळीचं नाव होतं 'मेनकौरेचे बेवडे'. चाबकाखालचा माणूस असलं नाव घेतो का?

थांबा. मीही वाहवत चाललेय. वेठ होतीच. राजाचा हुकूम आला की गावोगावची माणसं निघायची, नाही म्हणायची सोय नव्हती. पहिल्या राजघराण्याच्या काळात तर अबायडॉसला राजाच्या थडग्याभोवती त्याच्या चाकरांची शेकड्यानं थडगी आहेत, आणि ते सगळे आपल्या मरणानं मेले असतील असं वाटत नाही. राजा जिवंतपणी होरस देव, मेला की ओसायरिस, मेलेल्यांचा देव, आणि रा या सूर्यदेवाचा पोर. तो नीट पोचला तरच सूर्य उगवणार, नाईलला पूर येणार. एकदा हे डोक्यात बसलं की दगड ओढणं हेही देवाचंच काम होतं. आमच्या चढावर सहा माणसं फुकट राबली तीही 'देवाचं हाय' म्हणूनच. मजुरी मागायचं कुणाच्या मनातही आलं नाही, आणि तेच मला आता खुपतं.

त्या सगळ्या खटाटोपाचं झालं काय? सत्तर दिवस खपून देह टिकवायचा. मेंदू नाकातून ओढून टाकून द्यायचा, काळीज मात्र आत ठेवायचं, कारण पुढे त्याचं माआत या सत्याच्या देवीच्या पिसाशी वजन होणार. (मेंदूला काडीची किंमत नाही. ग्रुप बघून मला ते पटायला लागलंय.) २३ लाखांच्या आसपास दगड रचलेल्या खुफूचा देह आजतागायत सापडलेला नाही. त्याचं नाव असलेली मूर्ती मिळाली ती हस्तिदंती, साडेसात सेंटिमीटरची. माझ्या करंगळीपेक्षा थोडी मोठी.

पण राजांच्या थडग्यांवर काम करणाऱ्यांचं देर अल-मदीना गाव बघा. तिथे हजेरीचे खापऱ्या-दगडांचे तुकडे मिळालेत, कारणांसकट. अमका आला नाही, विंचू चावला. तमका आला नाही, बिअर गाळत होता. एक जण आला नाही, आईचा देह गुंडाळत होता. तिसऱ्या रामसेसच्या २९व्या वर्षी, इ.स.पू. ११५७च्या सुमारास, यांना धान्य मिळेना. तर हत्यारं टाकून चालत निघाले आणि देवळामागे जाऊन बसले. भूक लागलीय, कपडा नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, राजाला कळवा. जो राजा म्हणजे प्रत्यक्ष देव, त्याच्या थडग्याचे कारागीर संपावर! लेखनिकानं हे सगळं लिहून ठेवलं, म्हणून आज आपल्याला ठाऊक.

पोटाला काय देत हुते. आज्जानं नेमकं तेच विचारलं होतं.

देवळाचा जीर्णोद्धार झालाय. दाराशी संगमरवरी पाटी आहे, देणगीदारांची नावं आकड्यांसकट. आज्जाचं नाव नाही. असायला हवं होतं असं तोही म्हणाला नसता, म्हणून मीच म्हणते. उंबऱ्याच्या खालच्या अंगाला, जिथे कुणाची नजर जात नाही, त्यानं छिन्नीनं तीन रेघा आणि एक टिंब काढलं होतं. बसवायच्या आधी मी बघितलंय. त्याची खूण.

दगड बसल्यावर तो सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवायचा. नख अडकलं की दगड पुन्हा उतरवायचा, माणसं कितीही करवादली तरी.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला परवा मिळालं. फ्लिंडर्स पेट्री या इंग्रज पुरातत्त्वज्ञानं १८८०च्या दशकात खुफूच्या पिरॅमिडच्या बाहेरच्या दगडांचे सांधे मोजले होते. सरासरी अर्धा मिलिमीटर.

आज्जाचं नख गेलं नसतं.