पुन्हा तेच प्रशिक्षण!

आलं परत पत्र. शिक्षकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण, हजेरी सक्तीची. म्हणजे पहाटे उठा, तवसाळहून फेरीबोट धरा, जयगडला उतरा आणि पुढे एसटीने रत्नागिरी. तिथे काय? मराठीवाले, पीटीवाले, आम्ही गणितवाले, सगळे एकाच हॉलात कोंबलेले. तज्ज्ञ स्लाइड वाचून दाखवतात, शब्द न् शब्द. मधे वडा-चहा (वडा बरा असतो हां, खोटं कशाला बोलू), शेवटी ग्रुप फोटो.

माझं दुखणं वेगळंच आहे हो. सातवीतली पोरं १/२ + १/३ = २/५ लिहितात. दरवर्षी! त्यातल्याच एकाला बंदरावर विचारा, मासळीच्या पैशात बापाचा वाटा किती, तोंडी सांगेल. ते वहीत कसं उतरवायचं, हे मला शिकायचंय. विचारलं कुणी? २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण, तेही शिक्षकाच्या आवडीनुसार, असं लिहिलंय. तास बरोब्बर उचलले, आवड गेली खाडीत.

शेजारच्या शाळेतल्या बाई कागदाच्या घड्या घालून अपूर्णांक छान शिकवतात. त्यांचा एक तास बघायला जाऊ द्या म्हटलं, तर साहेब म्हणतात, “त्याची नोंद कुठल्या रकान्यात करू?”