खुलासा: इम्पोर्ट झाल्यावर मूळ व्हिडिओ उडवू नका

जोतिबाच्या यात्रेचे व्हिडिओ जोडताना जागा संपली, तर ‘इम्पोर्ट झालं की मूळ फाइली उडवा’ असा सल्ला कोल्हापुरातल्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. दाविंची रिझॉल्व्ह, प्रीमिअर, केडेनलाइव्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्टमध्ये व्हिडिओ नसतोच. तो कुठं ठेवलाय तो पत्ता आणि कापाकापीची नोंद तेवढी असते. मूळ फाइल गेली, की टाइमलाइनवरचा, म्हणजे तुकडे ओळीनं जोडतो त्या पट्टीवरचा, तो तुकडाही गेला. मॅकवरचं आयमूव्ही स्वतःच्या लायब्ररीत प्रत करतं, तो अपवाद.

आयफोनचं ४के, ३० फ्रेमचं चित्रीकरण तासाला साधारण १० जीबी खातं, अडचण खरी आहे. मग रेंडर कॅश (सॉफ्टवेअरनं झटपट दाखवण्यासाठी बनवलेल्या तात्पुरत्या फाइली) आणि प्रॉक्सी (मूळ व्हिडिओच्या हलक्या प्रती) पुसा, त्या पुन्हा बनतात. गुलालात न्हालेली आजी पुन्हा मिळणार नाही. मूळ फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवा आणि सॉफ्टवेअरमध्ये रीलिंक करा, म्हणजे फाइलींचा नवा पत्ता दाखवा.