शेजारच्या कारखान्यात काय साठवलंय, हे विचारायचं की नाही?

नमस्कार. ‘नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांची माहिती सोसायट्यांनी मागणं म्हणजे घबराट पसरवणं. वायुगळती झालीच तर जिल्हाधिकारी, पोलीस, अग्निशमन दल आहेत की,’ असं तुम्ही लिहिलंत आणि आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाचं कलम ५४ दाखवलंत.

ते कलम आपत्तीचा खोटा इशारा देणाऱ्यासाठी आहे. एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. प्रश्न विचारणारा त्यात बसत नाही. उलट, सांगणं हे कारखान्याचंच काम आहे. भोपाळनंतर, १९८७ साली तेव्हाच्या कारखाने अधिनियमात कलम ४१-ब आलं. धोकादायक प्रक्रिया चालवणाऱ्याने कामगारांना तर सांगायचंच, आजूबाजूच्या वस्तीलाही धोका काय आणि तो टाळायचा कसा हे कळवायचं. घातक रसायनांबाबतच्या १९८९ च्या नियमांत तर कारखान्याबाहेरच्या आपत्कालीन आराखड्याची रंगीत तालीम वर्षातून एकदा तरी घ्या, असं म्हटलंय. कोपरखैरणे, घणसोलीतल्या किती जणांनी ती पाहिलीय?

जिल्हाधिकाऱ्यांचे अधिकार मोठे आहेत, हे खरंच. आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाच्या कलम ३४ खाली रस्ते बंद करता येतात, कलम ६५ खाली वाहनं ताब्यात घेता येतात. पण गाड्या पोचेपर्यंतची पहिली काही मिनिटं रहिवाशांनाच निभवायची असतात. आपल्याकडे कारखाने मुख्यतः ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला, बहुतेक वस्ती पश्चिमेला खाडीकडे. दिवसा खाडीवरून वारा आला की धूर डोंगराकडे जातो. हिवाळ्यात रात्री वारा फिरतो आणि वास थेट घरात शिरतो. तेव्हा दारं-खिडक्या लावून थांबायचं की बाहेर पडायचं, हे रसायनावर ठरतं. क्लोरीन हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. आगीच्या तालमीची सवय म्हणून सगळे पार्किंगमध्ये जमले, तर नेमक्या चुकीच्या जागी जमतील. हे आधी सांगितल्याने घबराट होत नाही; ऐनवेळी न कळल्याने होते.

याच आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाच्या २०२५ च्या दुरुस्तीने महापालिकांच्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद झाली: आयुक्त अध्यक्ष, जिल्हाधिकारी उपाध्यक्ष. त्यामुळे अर्ज दोघांच्याही नावे करावा, असं माझं मत आहे. त्यात तीनच गोष्टी मागायच्या: रसायनाचं नाव, भोंग्याची खूण आणि भोंगा वाजला की वस्तीने काय करायचं. तुमच्या सोसायटीसाठी मसुदा हवा असेल तर कळवा, लिहून देते.