सावित्री हे नाव मुलींना पुन्हा ठेवा

बारशाच्या आधी घरात नावांची यादी निघते. त्यात कुणी 'सावित्री' म्हटलं की लगेच कुणीतरी म्हणतं, "नको गं, आतापासूनच सात जन्मांचं ओझं कशाला तिच्या डोक्यावर?" नाव जुनं वाटतं, आवडत नाही, असं कुणी म्हटलं तर मला काहीच म्हणायचं नाही. पण सावित्री म्हणजे नवऱ्यासाठी उपास करणारी बाई, एवढाच अर्थ उरलेला बघून मला मनापासून वाईट वाटतं.

सावित्री म्हणजे सवित्याची. सविता हा ऋग्वेदातला देव. 'सू' म्हणजे चालना देणं, त्यावरून हे नाव आलं. माणसांना, जनावरांना, अवघ्या जगाला जागं करून कामाला लावणारा तो सविता. (मूळ शब्द पुल्लिंगी, पण आपण मुलींना बिनदिक्कत ठेवतो आणि तो छान रुजलाही आहे.) या देवाला उद्देशून विश्वामित्रांची एक ऋचा तिसऱ्या मंडलात आहे. आपण तिला गायत्री मंत्र म्हणतो, पण गायत्री हा तिचा छंद, म्हणजे वृत्त. देवतेवरून पडलेलं तिचं नाव सावित्री. त्या ऋचेत धन मागितलेलं नाही, आयुष्य मागितलेलं नाही. आमच्या बुद्धीला चालना मिळो, एवढंच मागणं आहे. आणि दहाव्या मंडलातलं ८५वं सूक्त, ज्यातले मंत्र आजही लग्नात म्हटले जातात, त्याची ऋषिका म्हणून परंपरा सूर्या सावित्रीचं नाव सांगते.

आता महाभारतातली सावित्री. वनपर्वात मार्कंडेय ऋषी तिची गोष्ट युधिष्ठिराला सांगतात. मद्र देशाच्या अश्वपती राजाला मूल नव्हतं. त्यानं १८ वर्षं सावित्री देवीची आराधना केली, तेव्हा ही मुलगी झाली, म्हणून तिचं नावही तेच. ती मोठी झाली तरी तिच्या तेजापुढे दबून कुणी राजपुत्र मागणी घालायला येईना. मग बापानंच सांगितलं, तूच जा आणि तुझा वर शोध. ती रथात बसून निघाली आणि राज्य गमावलेल्या, आंधळ्या राजाचा रानात राहणारा मुलगा निवडून आली. तो वर्षभरात मरणार, असं नारदांनी सांगितलं. वडील म्हणाले, दुसरा बघ. ती म्हणाली, एकदा निवडला तो निवडला.

यम आल्यावर ती काय करते, ते मुळातून वाचण्यासारखं आहे. ती रडत नाही, पाया पडून दयेची भीक मागत नाही. त्याच्या मागून चालत राहते आणि म्हणते, सात पावलं बरोबर चाललं की मैत्री होते असं जाणते लोक म्हणतात, तेव्हा मित्र म्हणून माझं ऐक. मग धर्माबद्दल, सज्जनांच्या संगतीबद्दल ती बोलत जाते आणि यम खूश होऊन तिच्या वाणीचं कौतुक करतो. स्वर, अक्षरं, व्यंजनं आणि युक्तिवाद, सगळ्याचं! सासऱ्याचे डोळे, त्याचं राज्य, वडिलांना १०० मुलगे, मग स्वतःला १०० मुलगे. हा चौथा वर यम देऊन बसतो आणि सत्यवानाशिवाय तो खरा होणारच नाही, हे ती त्याच्या लक्षात आणून देते. मृत्यूशी वाद घालून जिंकलेली ही मुलगी. या कथेत वडाला फेरे नाहीत. वटपौर्णिमा करणाऱ्यांशी माझं भांडण नाही, माझी आईही करते. पण कहाणी सांगताना हा संवाद गाळू नका.

बुद्धी मागणाऱ्या ऋचेला बाईचं नाव, आणि तीच ऋचा शतकानुशतकं बायकांच्या आणि शूद्रांच्या कानावर पडू दिली नाही. ती मुंजीत मुलाला मिळायची. मुंजीचं वय टळून गेलेल्याला मनुस्मृती 'सावित्रीपतित' म्हणते. मुलीला तर पतित व्हायचीही सोय नव्हती, तिचा विचारच नव्हता. म्हणून १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींना शिकवायला उभी राहिलेली बाई सावित्री नावाची होती, हे आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो. नायगावच्या त्या मुलीला लग्न झालं तेव्हा लिहितावाचता येत नव्हतं. जोतीरावांनी शिकवलं, आणि १८५४ मध्ये तिचा 'काव्यफुले' हा कवितासंग्रह आला. लोकांनी अंगावर चिखल, शेण फेकलं तरी ती शाळेत जात राहिली. १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेली. चालना देणं म्हणजे काय, हे यापेक्षा स्पष्ट कसं सांगायचं?

पुढच्या महिन्यात माझ्या भावाच्या मुलीचं बारसं आहे. आत्या म्हणून कानात नाव सांगायचा मान माझा, पण नाव ठरवायचं ते दादा-वहिनीनं. हाक मारायला लांब वाटलं तर साऊ म्हणा, सावी म्हणा. वहिनी, तुला हे नाव नकोच असेल तर जुनं वाटतं म्हणून खुशाल नको म्हण. पतिव्रतेचं आहे म्हणून मात्र नको म्हणू नकोस.