एका ‘किंवा’ची किंमत २० हजार

२० हजार! १२ वर्षांचं पोर सकाळी ६ पासून रात्री ११ पर्यंत भटारखान्यात कढया घासत होतं. धाड पडली, गुन्हा नोंदला, खटला उभा राहिला. आणि परवा मालकाने गुन्हा कबूल केला, किमान दंड भरला आणि दुपारच्या गिऱ्हाइकाच्या वेळेला गल्ल्यावर हजर!

बालकामगार कायद्याचं कलम १४ वाचा. ६ महिने ते २ वर्षं कैद, किंवा २० ते ५० हजार दंड, किंवा दोन्ही. १९८६ लाही हा ‘किंवा’ होता, तेव्हा दंड १० ते २० हजार. २०१६ ला दुरुस्ती झाली, गुन्हा दखलपात्र झाला, आकडे वाढले, ‘किंवा’ मात्र तिथेच. मोठ्या कामगाराला महिना १२ हजार द्यावे लागतात, तिथे पोराला ४. म्हणजे महिन्याला ८ हजार वाचले. अडीच महिन्यांत दंड वसूल!

दोषी ठरल्यावर पुन्हा तोच गुन्हा केला तर १ ते ३ वर्षं कैद, तिथे नुसत्या दंडावर सुटका नाही. म्हणून तर दुकानाचा गुमास्ता परवाना बायकोच्या नावावर, मग मेहुण्याच्या. दर वेळी आरोपी नवा, गुन्हा पहिलाच.

आणि तो ‘भाचा’! प्रत्येक हॉटेलात सुट्टीला आलेला भाचा असतोच. कुटुंबाच्या धंद्यात पोराने मदत केली तर कायद्यात सूट, आणि कायद्यानेच कुटुंबाच्या व्याख्येत काका, मामा, आत्या, मावशी घातलेत, मग काय! पण अहो, नातं खरं निघालं तरी मदत शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीतच, दिवसाला ३ तासांपुरती, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत अजिबात नाही. मग पंचनाम्यात शाळेचं नाव का नाही? हजेरीपट का मागवला नाही? पोर सापडलं ती वेळ आणि त्याच्या हातातलं काम लिहायला काय कष्ट पडतात? ‘काम करताना आढळून आला’ एवढ्यावर बचावाचा वकील पाच मिनिटांत चिंध्या करतो. त्यात जबाब मालकासमोर घेतलेला. पोर मालकाकडे बघून १५ वर्षांचा आहे म्हणतं, म्हणजे बालकामगाराच्या १४ च्या मर्यादेबाहेर, आणि तेच वय कागदावर चढतं. शाळेचा दाखला, नाहीतर जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. हा क्रम किती वेळा सांगायचा?

पोर तिथेच डांबलेलं, पगार मालकाने दाबलेला. सरळ बाल न्याय कायद्याचं कलम ७९ लागतं: ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख दंड, तेही १८ वर्षांखालच्या सगळ्यांसाठी. ते लावलंच नाही! सर्वोच्च न्यायालयाने १९९६ ला मालकाकडून दर मुलामागे २० हजार भरपाई घ्यायला सांगितली, ती दंडाहून वेगळी. कोणी मागितली? दंड पुनर्वसन निधीत जातो, त्यात शासनाने मुलामागे १५ हजार घालायचे असतात. त्याचा पाठपुरावा कोणी केला?

पोराला गावाकडे पाठवून दिलं. साक्षीचं समन्स घेऊन आता बिहारात कोण हिंडणार? आणि त्याचा पाच महिन्यांचा पगार, २० हजारच होतो तो, अजून त्याच गल्ल्यात आहे.