हिरवळ आली म्हणून खाणीची जमीन सुधारली असं होत नाही

उघड्या खाणींच्या पुनर्वसनाबद्दल एक सल्ला सध्या खूप फिरतो आहे. काढून ठेवलेली वरची माती परत पसरा, एकदा माती परीक्षण करा, सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप; तो जितका कमी तितकी माती आम्ल) कमी निघाला तर चुना टाका, गवत लावा. दोन वर्षांत हिरवळ आली की जमीन पूर्ववत. यातली माती राखून ठेवण्याची गोष्ट अगदी योग्य आहे. बाकीच्या सल्ल्यावर विसंबलं, तर त्याचं नुकसान पुढे ती जमीन कसणाऱ्याला सोसावं लागेल.

‘एकदा सामू बघा, चुना टाका.’ सर्वात घातक मुद्दा हाच. खोलवरच्या खडकात पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज, असेल तर हवा लागत नाही तोवर ते तसंच पडून राहतं. खोदून वर आणलं की हवा-पाण्याने त्यातून गंधकाम्ल तयार होऊ लागतं. सामू उतरत गेला की जिवाणू हीच क्रिया कितीतरी पटींनी वाढवतात. आज ७ सामू दाखवणारा खोदलेला माल काही वर्षांत ३ वर येऊ शकतो. म्हणून या खडकातून एकूण किती आम्ल निघू शकतं आणि ते जिरवायला त्यात मुळात किती चुनखडी आहे, याचा ताळेबंद मांडावा लागतो. पायराइटमधलं गंधक १ टक्का असेल तर दर १,००० टन मालाला ३१.२५ टन कॅल्शियम कार्बोनेट (म्हणजे शुद्ध चुनखडी) लागतं. नुसत्या सामूवरून काढलेली चुन्याची मात्रा इथे फारच तोकडी पडते. ही तपासणी खोदाईआधीच, बोअरच्या नमुन्यांवर व्हायला हवी. तरच आम्ल करणारा थर वेगळा काढून खोल गाडता येतो.

‘माती परत पसरली की झालं.’ उंच ढिगात बराच काळ पडलेल्या मातीच्या आतल्या भागात हवा पोचत नाही. मुळांना साथ देणारी बुरशी आणि बियाणं तिथे संपत जातं. शक्य असेल तिथे माती ढीग न लावता थेट नव्या जागी न्यावी.

त्याहून मोठी अडचण पसरताना होते. डंपर आणि डोझर फिरून जमीन दगडासारखी होते. चिकणमातीची घनता दर घन सेंटिमीटरला साधारण १.४५ ग्रॅमच्या वर गेली, किंवा वाळूसर मातीची १.८ च्या, की मुळं आत शिरत नाहीत. पिशवीतून प्रयोगशाळेत गेलेल्या, कुटून चाळलेल्या नमुन्यात हे दिसणारच नाही. घनता जागेवरच मोजावी लागते. अमेरिकेत १९७७ च्या खाण पुनर्वसन कायद्यानंतर ॲपलेशिया या पूर्वेकडच्या डोंगराळ कोळसापट्ट्यात उतार दाबून गुळगुळीत केले गेले, वर दाट गवत आलं आणि झाडं मात्र खुरटली. पुढे तिथल्या वनतज्ज्ञांनीच वरचा निदान १.२ मीटर थर सैल ठेवा असं सांगितलं.

‘रिपोर्ट चांगला आला.’ प्रयोगशाळा २ मिलिमीटरच्या चाळणीतून पडलेली मातीच तपासते. शेतात वजनाने ६० टक्के दगड असतील तर रिपोर्टमधली अन्नद्रव्यं प्रत्यक्षात निम्म्याहूनही कमी मातीत आहेत. कोळशाच्या खाणीत आणखी एक फसगत होते: नेहमीच्या चाचणीत कोळशाची भुकटीही काही प्रमाणात सेंद्रिय कर्ब म्हणून मोजली जाते. कर्ब भरपूर दिसतो आणि पीक नत्रासाठी उपाशी राहतं. दहा-पंधरा जागची माती एकत्र कालवून एकच नमुना पाठवला तर आम्लाचा एखादा पट्टा सरासरीत लपून जातो. अशा जमिनीत चार पावलांवर माती बदलते, म्हणून संशयास्पद ठिगळांचे नमुने वेगळे आणि वरच्या थराबरोबर खालच्या थराचेही घ्यावेत.

‘हिरवळ आली.’ ती बहुतेक वेळा टाकलेल्या खताची असते. स्वतःच्या बळावर टिकणाऱ्या वनस्पतींना जमिनीत हेक्टरी सुमारे १,००० किलो नत्राचा साठा लागतो, आणि तो शेंगावर्गीय झाडोऱ्याच्या मदतीनेही बऱ्याच वर्षांत साचतो. खत बंद करून काही हंगाम जाऊ द्यावेत, मग सामू, क्षार आणि घनता पुन्हा मोजून त्या जमिनीबद्दल मत द्यावं.